एकतीस वेळा नाकारलेला कोड

ऑफिसात त्याला सगळे हेडमास्तर म्हणत. अकरा वर्षं तो एकच काम इमानेइतबारे करत होता: गिऱ्हाइकाने फॉर्मात भरलेला पोस्टाचा कोड खरा की खोटा, हे ठरवणं. त्याच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक कोड म्हणजे एक स्वतंत्र ऑब्जेक्ट, जणू शाळेत दाखल व्हायला आलेला मुलगा. त्याने जन्मतानाच स्वतःची झडती घ्यायची: आकडे मोजून सहा आहेत का, आपण यादीत आहोत का. नापास झाला की जन्मच रद्द! आई गेल्यापासून हेडमास्तरांना स्वतःला फारसं काही वाटेनासं झालं होतं. काम तेवढं बिनबोभाट चालू होतं.

सोमवारी तो नेहमीसारखी नाकारलेल्या कोडांची यादी चाळत होता. एकच कोड आठवडाभरात एकतीस वेळा आला होता, आणि तो त्याच्या घरचा होता. तिथे आता बाबा एकटे राहत. त्यांनी चाळीस वर्षं टपालखात्यात पत्रांची वर्गवारी केली होती. कुठल्याही गल्लीचं नाव घ्या, कोड तोंडपाठ.

चूक सापडायला दहा मिनिटं लागली. तिथलं पोस्ट ऑफिस नुकतंच बंद झालं होतं. कोड चालूच होता, पण यादी नवी करताना हेडमास्तरांनी बंद ऑफिसांबरोबर त्यांचे कोडही उडवले होते. एक ओळ दुरुस्त करून त्याने फोन लावला.

“बाबा, आमच्या साइटवरून काही मागवत होतात का?”

“कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या. राहू दे आता.” बाबा म्हणाले. “आपल्याच घराचा कोड आठवेना रे मला. दरवेळी तोच सुचायचा, आणि दरवेळी चूक. डोकं कामातून गेलं माझं. गॅस पेटवणं बंद केलंय, डबा लावलाय. किल्ली शेजारच्या वहिनींकडे देऊन टाकली.”

“अहो, तुमचा कोड बरोबर होता! चूक माझ्या प्रोग्रामची होती.”

“हं.”

“खरंच. आत्ता भरून बघा, मी फोनवर थांबतो.”

पलीकडे एकेका बोटाने आकडे दाबल्याचा आवाज येत राहिला. ऑर्डर गेली. पडद्यावर ती त्यालाही दिसली.

“बघा, घेतला की नाही?”

“घेतला,” बाबा समजुतीने म्हणाले. “तू आतून काहीतरी बदललंस ना, माझ्यासाठी?”

बदललं तर होतंच.