तुळजापुरातलं तांब्याचं नळकांडं

नवरात्रातली ती सकाळ निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. तेव्हा मी तुळजापूरला नेमणुकीस होतो. दर्शनाला आलेल्या एका भाविकानं ठाण्यात फोन केला. मंदिराजवळच्या एका लॉजमध्ये, मालकाच्या मागच्या खोलीत, त्यानं दाराच्या फटीतून तांब्याचं जाड नळकांडं पाहिलं होतं. त्याला नळ्या होत्या आणि घड्याळासारखी तबकडी. मालक वाकून काहीतरी खरवडत होता. चाहूल लागताच त्यानं वर चादर टाकली.

स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही निघालो. मला बॉम्बपेक्षा गर्दीची धास्ती होती. लॉजच्या बावीस खोल्या भरलेल्या, आणि बाहेर दर्शनाची रांग. एखाद्याच्या तोंडून तो शब्द निसटला असता तर स्फोटाशिवाय माणसं मेली असती, चेंगरून. म्हणून पाण्याची टाकी फुटली असं सांगून आम्ही एकेक खोली रिकामी केली. जिना उतरताना कडेवर मूल असलेली एक बाई थांबली. "साहेब, टाकी फुटली तर भिंती कोरड्या कशा?" मी तिला हातानं पुढं चालण्याची खूण केली.

बॉम्बशोधक पथकानं तपासून सांगितलं, स्फोटक नाही, वायर नाही, आत रिकामं आहे. पण ही वस्तू काय आहे, हे त्यांनाही सांगता येईना. पंचनामा करून वस्तू आणि मालक दोघांना ठाण्यात आणलं. तोवर फोटो मोबाईलवरून गावभर फिरला होता. ठाण्याच्या फाटकाशी दीडेकशे लोक जमले. लॉज पेटवून द्या, असं कुणीतरी मागून म्हणत होतं. मालकाची बायको अजून त्या लॉजमध्येच होती. मी तिथं चार शिपाई ठेवले, पण चार शिपाई किती पुरतात हे मला माहीत होतं.

मालक पन्नाशीचा, अंगानं किरकोळ. म्हणाला, "रेल्वेचं लहानं इंजिन हाय साहेब. त्याचा बॉयलर हाय ह्यो."

"मग चाकं कुठं आहेत?"

"परंड्याला. थोरल्या भावाकडं, देवघरात."

आमचे जमादार म्हणाले, "देवघरात रेल्वे? मग स्टेशनमास्तर कोण, गणपती का मारुती?"

तो हसला नाही. मी परंड्याला फोन लावला. दुपारी थोरला भाऊ एसटीनं आला, मांडीवर पोतं घेऊन. पोत्यातून चाकांचा सांगाडा निघाला. त्यांचे वडील आमच्या भागातल्या जुन्या छोट्या रेल्वेवर फायरमन होते. एका साहेबानं नोकरी सोडताना हे छोटं इंजिन त्यांना दिलं होतं.

ऐकून विश्वास ठेवायचा माझा स्वभाव नाही. मी टेप मागवली. दोन चाकांतलं अंतर भरलं अडीच इंच. त्या छोट्या रेल्वेचे रूळ अडीच फुटांचे होते, हे मला ठाऊक होतं. फुटाला इंच. बॉयलर सांगाड्यावर ठेवला, बोल्टांची चारही भोकं जुळली. ते आपल्याच भागातून धावलेल्या गाडीचं इंजिन होतं, बारा पटींनी लहान.

मी म्हटलं, "आता हे गेटवरच्या लोकांसमोर पेटवून दाखवा. विषय संपला."

मालकाच्या तोंडावरचा रंग उडाला. "नको साहेब. त्यापरीस मला आत टाका."

असं वाक्य मी गुन्हेगारांच्याच तोंडून ऐकलं होतं. थोरला चिडला, "पेटव की रं. बाप पेटवत व्हता, तुला काय झालं?" धाकट्यानं एकदा भावाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. सकाळपासून भाऊ नव्हता तोवर तो माझ्याशी सरळ बोलत होता. भाऊ आल्यापासून अडखळत होता. मी जमादारांना सांगितलं, थोरल्यांना चहा पाजून आणा.

दार लागल्यावर तो हळू बोलला. "ह्या झडपेतून जादा वाफ भाईर जाती. वडील गेल्यापासून दर खंडेनवमीला दादा हत्यारं पुजतो, तवा हिलाबी तेल-शेंदूर लावतो. लई भक्तीनं. थर बसून झडप दगड झालीया. पेटवलं तर वाफ कोंडून फुटंल. ह्या नवमीला नातवंडांपुढं पेटवायचं म्हनत होता. म्या दुरुस्तीच्या नावानं काढून आणलं. आता दादाला कसं सांगू, तुझ्या पूजेनं..."

मी झडपेवर बोट दाबलं. ती तसूभरही हलली नाही. त्या दिवशी त्या नळकांड्याची खरी भीती मला तेव्हा वाटली. मघाशी माझं ऐकून त्यानं ते पेटवलं असतं, तर तुकडे फाटकाच्या गजांशी तोंडं लावून उभ्या लोकांवर उडाले असते.

झडप सुटी केली. रॉकेल, तार आणि जुना ब्रश घेऊन तो बसला. लाल खपल्या निघत राहिल्या. मग झडपेच्या भोकाला बूच मारलं, बॉयलर पाण्यानं काठोकाठ भरला आणि जवळच्या गॅरेजातून आणलेल्या हातपंपानं दाब दिला. पाण्यावर फुटलं तर चीर जाते, तुकडे उडत नाहीत. तबकडी ऐंशी पौंडांवर जाऊन थांबली, कुठं थेंब नाही. म्हणजे दुप्पट दाब सोसला, कारण वाफेवर झडप चाळीसलाच उघडायला हवी होती. साफ केलेली झडप परत बसवली.

ठाण्याच्या आवारात चाकं विटांवर अधांतरी ठेवून खाली स्पिरिटचा दिवा लावला. लोकांना तीस फूट मागं सारलं. त्याला एकटं उभं करणं मला बरं वाटेना, म्हणून मी शेजारी थांबलो. तीस. पस्तीस. चाळीस. झडप गप्प. बेचाळीस झाले तेव्हा त्यानं माझी बाही धरली. मग फुस्स करून वाफ सुटली, गर्दी मागं सरकली, त्यानं वाफेची कळ फिरवली आणि चाकं फिरू लागली.

मी थोरल्या भावाला बाजूला घेतलं. "ह्या झडपेला आता काही लावायचं नाही. पोलिसांचा हुकूम समजा."

"शेंदूरबी न्हाय?"

"चाकांना लावा."

थोरला झडपेपाशी जाऊन वाकला. मग धाकट्याला म्हणाला, "तवाच सांगायचं न्हाय का रं, येड्या."

घाबरलेला माणूस काहीतरी लपवतो, हे खरं. पण काय लपवतो आणि कुणासाठी, हे विचारल्याशिवाय त्याच्या भीतीला कबुली समजू नये. मी नोकरीतली पुढची सगळी वर्षं तेवढं पाळलं.

दुसऱ्या दिवशी लॉजच्या बावीस खोल्या रिकाम्याच होत्या. मी गणवेशात गेलो, दारातल्या बाकावर बसलो आणि रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसेल असा चहा मागवला. दुसरा कप संपत आला तेव्हा सोलापूरकडच्या एका कुटुंबानं पिशव्या खाली ठेवल्या आणि विचारलं, खोली मिळेल का.