उजव्या पायाचं हाड

मी असल्या गोष्टी मानणारी नाही, हे आधीच लिहून ठेवते. मी शाळेत चौथीपर्यंत शिकले आहे, आणि जे समजत नाही त्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. तरी हे घडलं... कुणाला सांगायची लाज वाटते, म्हणून वहीत लिहिते. कुणी वाचलंच, तर ज्याचं त्यानं ठरवावं.

माझं माहेर खारी, सासर नवघर. दोन्हीकडे मिठागराचंच काम. मी पायाळू — जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाने उजवा पाय तीनदा लावावा, उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून लोक ओटीवर येऊन पालथे पडायचे. मोठ्यांना पाय लावायचा मला फार संकोच. लावून झाला की वाकून त्यांच्या पाया पडायची आणि आत पळायची. त्यांना बरं वाटायचं. मी म्हणायची, घटकाभर निजले म्हणून वाटलं असेल.

मग लढाईच्या वर्षांत माझीच पाठ धरली. आधी मानेखाली ठणकायचं, मग पाठीच्या मधोमध. मिठाची पाटी डोक्यावर घेतली की डोळ्यांपुढे काजवे. बायका हसायच्या.

"लोकांची उसण उतरवतेस, न् सोताची गो?"

"सोताच्या पाठीला पाय पुरत न्हाय ना तिचा!"

मीही हसायची. पण होळीनंतर पाय जड झाले. खडे मीठ तुडवलं तरी तळव्यांना कळेना.

मुंबईच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. म्हणाले, "हे ओझ्यानं नव्हे, बाई. मणक्याला क्षय झालाय, हाड पोखरलंय. असंच राहिलं तर पाय कायमचे जातील." नडगीच्या हाडाची पट्टी काढून पाठीत बसवायची, आणि पुढे कित्येक महिने प्लॅस्टरमध्ये पडून राहायचं. "कलत्या कुडाला टेकू देतात ना, तसं."

सासूबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "घेऊं दे. पन डाव्या पायाचा सांग डाक्टरला. उजवा लोकांचा हाय."

महिनाभर त्याच मला उचलून बसवत होत्या. त्यात त्यांची पाठ धरली. मी ऑपरेशनसाठी निघाले त्या सकाळी त्या ओटीवर पालथ्या पडलेल्या. "जाताना पाय लावून जा गो." मला धरलं तर उभं राहता येत होतं. पण सासूच्या पाठीवर पाय... सगळे बघत होते. "आल्यावर लावते, आई," एवढंच म्हटलं. त्या तशाच पडून राहिल्या.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या पायातलं घेऊ? आम्हाला दोन्ही सारखेच." भोवती चार पुरुष उभे. 'डावा' एवढा एक शब्द, पण तोंडातून फुटेना. नर्स उजवा पाय पुसू लागली... मी बघत राहिले. मग तोंडावर भुलीच्या औषधाची जाळी आली, गोड उग्र वास आला.

आणि मी मिठागरात होते.

ऊन कोवळं होतं. कोंडीतलं, मीठ पिकवायच्या वाफ्यातलं, पाणी आरशासारखं, त्यात आभाळ, आणि आभाळावर मिठाची पातळ साय. मी चालत होते. पाठ दुखत नव्हती. तळव्यांना खडे टोचत होते, आणि ते टोचणं इतकं गोड वाटलं की मी मुद्दाम हळू चालले. उजव्या नडगीवर पांढरं फडकं बांधलेलं होतं. बांधावरून घरी आले. सासूबाई ओटीवर तशाच पालथ्या. लाज वाटलीच नाही. तीनदा पाय लावला. मग वाकायला गेले... आणि वाकता येईना.

जागी झाले तेव्हा उजव्या पायाला बँडेज होतं. रडले. सासूबाईंना काय तोंड दाखवू?

तिसऱ्या दिवशी हे आले. म्हणाले, "आई उठली."

"कधी हो?"

"तुला आत नेलं त्याच सकाळी. मी घरी पोचलो तर मलाच ओरडली, 'पोरीला चालवत का पाटवली? उजव्या पायाला फडका बांधलेला तिच्या!' मी म्हटलं, स्वप्न पडलं असेल, पाय तर डावा—" एवढं म्हणून त्यांची नजर माझ्या पायावर गेली.

सात महिन्यांनी मी घरी आले, माझ्या पायांनी, हळूहळू. दारात सासूबाईंच्या पाया पडायला गेले, पण पाठ काही वाकली नाही.

"नको वाकू," त्या म्हणाल्या. "तुजा पाय आता तुज्याच पाठीला लागला गो. कायमचा."

मग त्यांनी त्या सकाळी अंगात असलेली, न धुता ठेवलेली काळी चोळी दाखवली. पाठीवर मिठाचा पांढरा ठसा, चारच बोटांचा. माझ्या उजव्या पायाची करंगळी लहानपणापासून शेजारच्या बोटावर चढलेली आहे.

मिठागरवाल्यांच्या घरात मीठ कुठेही लागतं, हे मलाही कळतं. भुलीच्या औषधाने माणूस काहीही बघतो, हेही डॉक्टरांनी सांगितलं. पण मी काय बघितलं ते सासूबाईंना कुणी सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही.

चोळी आता माझ्या पेटीत आहे. पावसाळ्यात ठसा ओला होऊन दिसेनासा होतो. वाटतं, गेला. दिवाळीनंतर हवा सुकली की पुन्हा चार बोटं पांढरी उमटतात.