सासूबाईंसाठी एकच बटण

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाला जेवणाच्या सुट्टीत रोज घरी पळावं लागायचं, आणि तेही जेवायला नव्हे, बटणं दाबायला.

भानगड त्याने स्वतःच ओढवून घेतली होती. लहानपणी नाणी टाकून खेळायचा तसला व्हिडिओ गेम घरात असावा, ही हौस. म्हणून त्याने प्लायवूडचं कपाट ठोकलं, आत जुना कॉम्प्युटर आणि स्क्रीन बसवला, पुढे दोन खेळाडूंसाठी दांडे आणि रंगीत बटणं लावली. बायकोने कपाळावर हात मारला. पण खरं गिऱ्हाईक निघाल्या सासूबाई. तीस वर्षं टायपिस्टची नोकरी केलेल्या; गुडघे कामातून गेलेले, बोटं मात्र अजून ऐन भरात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जावयाला धूळ चारली आणि त्यांना त्या खेळाचा नादच लागला.

अडचण एवढीच, की कॉम्प्युटरचं बटण खाली जमिनीलगत आणि स्क्रीनचं मागच्या अंगाला. सासूबाईंना वाकवत नसे, मागे हात पोचत नसे. सकाळीच चालू करून जावं, तर रिकामं यंत्र चालू ठेवलेलं त्यांना खपत नसे. लेक दिवसभर कामावर. मग दुपारी एकच्या ठोक्याला फोन यायचा, "जावईबापू, निघालात ना?"

तो सायकल हाणत घरी यायचा, दोन्ही बटणं दाबायचा. "आलाच आहात तर एक डाव," असं त्या म्हणायच्या. तो हरायचा, उभ्या उभ्या चार घास कोंबायचा आणि उशिरा कामावर पोचायचा.

"मला एकदा माणसासारखं बसून जेवायचंय," तो बायकोला म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी त्याने बाह्या सरसावल्या. कॉम्प्युटरच्या बटणाची वायर लांबवून पुढे, सासूबाईंच्या हाताशी आणली. एक खास वीजपट्टी आणली. तिच्यातलं एक सॉकेट मुख्य. त्यातलं यंत्र सुरू झालं, की पट्टी बाकीच्यांना आपोआप वीज सोडते, आणि ते बंद झालं की तोडते. मुख्य जागी कॉम्प्युटर, शेजारी स्क्रीन.

त्याने ऐटीत बटण दाबलं. कॉम्प्युटर गुरगुरला. स्क्रीनच्या कडेला एक लाल दिवा लागला आणि तेवढ्यावरच गाडी अडली. वीज पोचली होती, पण स्वतःचं बटण दाबल्याशिवाय स्वारी जागी होईना.

"याला वेगळं आमंत्रण लागतं वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

ते बटण कायमचं दाबून ठेवलं तर काम होणार होतं. उपाय त्याला ठाऊक होता आणि त्याचीच लाज वाटत होती. लिफ्टच्या बटणात काडी खुपसणाऱ्यांचा त्याने वीस वर्षं उद्धार केला होता. आता त्याने आधी बाहेरचं दार लावून घेतलं, मग काडेपेटीतली एक काडी मोडून बटणाच्या फटीत बसवली आणि वरून चिकटपट्टी लावली.

या खेपेला दोन्ही यंत्रं एकदम उजळली. बंद केल्यावर दोन्ही मुकाट विझली. सासूबाईंनी सात वेळा खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी एक वाजला. फोन आला नाही. तो बसून जेवला, सगळा डबा संपवला, तरी पंचवीस मिनिटं उरली. सोबतच्या मिस्त्रीने आपल्या मूतखड्याची हकीकत काढली. तिसऱ्या दिवशी तीच हकीकत पुन्हा ऐकताना त्याने फोनचं चार्जिंग तपासलं. त्याला करमेना. सासूच्या फोनची वाट बघणारा जावई जगात आपण एकटाच असू, असं वाटून तो स्वतःवरच चिडला.

चौथ्या दिवशी, डबा न उघडताच, तो घरी गेला. गेम चालू होता. सासूबाई समोर बसल्या होत्या, हात मांडीवर.

"काडी बघायला आलो, आई. सैल होते कधी कधी."

"काडी ठणठणीत आहे."

"मग खेळत का नाही?"

"एकटीनं किती खेळायचं?" त्यांनी मान वळवली नाही. "आणि तुम्हाला फोन तरी काय सांगून करायचा? सगळं आपोआप करून ठेवलंत, छान केलंत. पण माझ्याकडून हरायला कोण येणार? तो काही वायर जोडून येत नाही."

त्याने डबा बाजूला ठेवला, स्टूल ओढलं आणि तीन मिनिटांत हरला.