धाकटीच्या रक्ताची तपासणी

त्यांचे पूर्ण नाव हजेरीपुस्तकाबाहेर फारसे कुणी वापरले नाही. रुग्णालयाच्या विषाणू तपासणी विभागात ऐन चोविशीत रुजू झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्या साऱ्यांच्या लगबगताईच राहिल्या. यंत्र चालू असले तरी त्यांना स्वस्थ बसवत नसे. पुढच्या नळ्या मांडायला सुरुवात होई. "ताई, यंत्राला तरी दम खाऊ द्या," असे सहकारी म्हणत.

धाकटी बहीण आजारी पडली, तेव्हा तर त्यांच्या पायाला भिंगरीच लागली. साधा ताप आला आणि गेला. शक्ती मात्र परतली नाही. केस विंचरले तरी धाकटी आडवी होई. डॉक्टरांनी दीर्घकालीन थकव्याचा विकार असे निदान केले. तिच्या सासूबाईंनी त्याआधीच 'अंगचोरपणा' म्हणून निकाल लावला होता. आई आणि बायको यांच्यामध्ये मेहुणे कात्रीत सापडले होते.

"ताई, रक्तात काही निघालं तर आईचं तोंड बंद होईल," ते म्हणाले. "नाही निघालं तर मी कुठल्या तोंडानं बोलू?"

अशा रुग्णांच्या रक्तात एखादा विषाणू दडून राहतो का, याचा अभ्यास विभागात चालूच होता. त्यात धाकटीचेही रक्त आले. पण यंत्रातल्या साऱ्या जागा भरलेल्या होत्या. शिरस्ता असा, की एका नळीत रक्ताऐवजी निव्वळ शुद्ध पाणी घालायचे. त्यात काही निघाले नाही, तरच बाकीच्या नळ्यांवर विश्वास ठेवायचा. लगबगताईंना उद्यापर्यंत धीर धरवेना. त्यांनी पाण्याची नळी काढली आणि तिथे धाकटीचा नमुना ठेवला.

पडद्यावरची रेषा वर चढली. त्यांनी तडक फोन लावला.

"विषाणू सापडला गं! तू आळशी नाहीस!"

पलीकडे नुसते हुंदके. मग, "सासूबाईंना तूच सांग, ताई. माझं त्यांना पटायचं नाही."

त्यांनी सांगितले. त्या संध्याकाळी सासूबाईंनी सुनेला प्रथमच अंथरुणात चहा नेऊन दिला.

फोन ठेवल्यावर लगबगताईंनी इतर निकाल पाहिले. एकूण एक रेषा तशाच चढल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याची नळी ठेवून तपासणी पुन्हा केली, तर विषाणू पाण्यातही निघाला!

"पाण्याला थकवा कधीपासून यायला लागला?" विभागप्रमुख बाई कडाडल्या. नळ्यांत घालायच्या रसायनाची बाटलीच दूषित होती. नवी बाटली उघडली, तेव्हा धाकटीच्या रक्तात काहीच सापडले नाही. "कुणाला कळवलं नाहीत ना?"

"बहिणीला. आणि तिच्या सासूबाईंना," लगबगताई म्हणाल्या.

बहिणीच्या घरी त्या उभ्या-उभ्याच बोलल्या. सासूबाई उद्गारल्या, "म्हणजे काहीच नाही!"

"चूक माझ्या हातची झाली, तिच्या अंगची नाही. आम्ही शोधला तो विषाणू नाही, एवढंच. आजार खराच आहे. कारण आम्हाला कळलेलं नाही."

धाकटीने भिंतीकडे तोंड फिरवले. "खोटं का होईना, राहू द्यायचं होतंस, ताई."

लगबगताईंना लेखी समज मिळाली. मेहुण्यांनी आईचा विरोध पत्करून कामाला बाई लावली. मायलेकांनी अबोला धरला, तो पुष्कळ दिवस टिकला. लगबगताई सुटीच्या दिवशी धाकटीच्या उशाशी जाऊन बसू लागल्या. ती कधी बोले, कधी न बोलता डोळे मिटून पडून राही. तिच्या आजाराचे कारण मात्र त्या निवृत्त झाल्या तरी कुणी सांगू शकले नव्हते.