यशोधराबाईंना मशीन नको होतं

बुवापाड्यातल्या यशोधराबाईंनी अंबरनाथच्या एका कारखान्यात बावीस वर्षं पंख्याच्या मोटारींचं वाइंडिंग केलं. नवरा लवकर गेला. मुलाला, मिलिंदला, त्यांनी एकटीनं वाढवलं. २००७ साली त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. मिलिंदनं त्यांना सांगितलं, टीबी आहे.

इस्पितळाच्या तिसऱ्या खेपेला त्यांनी डॉक्टरांनाच धरलं. "साहेब, मोटार जळायला लागली की मला वासावरून कळायचं. हा टीबी नाही. खरं सांगा."

मिलिंद मागून खुणा करत राहिला, पण डॉक्टरांनी सांगितलं. आजार आता हटणार नव्हता. पुढे धाप लागेल. घशात नळी घालून व्हेंटिलेटरचं मशीन लावता येईल, पण ते सुटण्याची आशा फार कमी.

घरी येताच त्या म्हणाल्या, "कागद घे. लिही, मशीन नको. मला घरीच ठेव."

"मी नाही लिहिणार. लोक काय म्हणतील?"

"नळी लोकांच्या घशात घालणारेत का?"

मिलिंद चार दिवस त्यांच्याशी बोलला नाही. शेवटी त्यांनी स्वतःच लिहिलं आणि पाड्यातल्या डॉक्टर चिंतामणींना दाखवलं.

"बाई, कायद्यात याला किंमत नाही," डॉक्टर म्हणाले.

"पोराला कळलं तरी बास."

डॉक्टरांनी तो कागद मिलिंदला वाचून दाखवला आणि धाप लागली तर ती शमवायला मॉर्फिन कसं द्यायचं ते शिकवलं.

नोव्हेंबरात एका दुपारी धाप लागली. ओठ काळेनिळे पडले. भेटायला आलेला त्यांचा भाऊ, जयदेवमामा, ओरडला, "बघत काय बसलास? गाडी बोलव!" मिलिंदनं फोन केला. अ‍ॅम्ब्युलन्स आली, स्ट्रेचर दारात टेकलं. यशोधराबाईंना बोलवत नव्हतं. त्यांनी मिलिंदचा शर्ट मुठीत धरला आणि मान हलवली.

मिलिंदनं स्ट्रेचरला हात आडवा लावला. "थांबा," तो म्हणाला. "न्यायचं नाही."

"आईला मारतोस?"

"मामा, तिनं लिहून दिलंय."

डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे त्यानं मॉर्फिनचा डोस दिला आणि आईला छातीशी टेकवून बसवलं. आपण बरोबर केलं की तिचा जीव घेतला? वीस मिनिटं त्याला काहीच कळेना. मग हळूहळू तिचा श्वास संथ झाला, मूठ सैल झाली. गाडी रिकामी परत गेली.

त्या आणखी सहा दिवस जगल्या. कारखान्यातल्या मैत्रिणी भेटून गेल्या; एकीच्या हातची पेज त्यांनी दोन चमचे घेतली. सातव्या दिवशी सकाळी मिलिंदच्या हातावर त्या गेल्या.

जयदेवमामा दोन वर्षं मिलिंदशी बोलला नाही. मिलिंदनंही त्याला समजवायला जायचं टाळलं.