चिकटलेल्या पानातली पोर

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. जुन्या पोथ्यांची यादी करणारी बाई मी... पानं मोजायची, लांबी-रुंदी लिहायची आणि पुढचं गाव गाठायचं! पण शहापूर तालुक्यात, शेणव्याजवळ घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दामूबाबांच्या घरी झाडपाल्याच्या औषधांच्या दोन पोथ्या होत्या, लाल रुमालांत बांधलेल्या. पानं सुटी, लिपी मोडी. बाबा नव्वदीचे, डोळे केव्हाच गेलेले, शाळेचं तोंडही न पाहिलेले. घरात मोडी वाचणारं कुणीच नव्हतं.

एका वेळी एकच रुमाल सोडायचा, हा आमच्या कामाचा पहिला नियम. पण मला मुरबाडला पोचायचं होतं, म्हणून घाईत दोन्ही सोडले. पहिल्या पोथीची पानं भरली एकसष्ट. त्यात दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली होती, ती अर्धा तास खपून सोडवली. बांधताना पुन्हा मोजली — एकसष्टच. आता बासष्ट व्हायला हवीत, हे माझ्या हुशार डोक्यात आलंच नाही!

रुमाल बाबांच्या हाती दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि थबकले.

"पोरी, यातलं एक पान त्या दुसऱ्या रुमालात गेलंय."

"बाबा, दोनदा मोजलीत मी."

"मोजली असशील गो. पन पोर रडत व्हती तवा लिवलेलं पान यात नाय."

मनातून चिडले, तरी दुसरा रुमाल पुन्हा सोडला. पान सापडलं... चिकटलेल्या दोनांपैकीच एक! समासात बारीक अक्षर होतं: 'पोरीस ताप. रडते. लेखन इथें राहिलें.' सोडवताना मीसुद्धा ते वाचलं नव्हतं.

"ल्हानपनापासून पोथी हातात घेतली का ती रडताना ऐकू येते," बाबा हळूच म्हणाले. "पुढं काय झालं ते कळत नाय. पुढच्या पानावर बघ गो... जगली का ती?"

मी चिकटलेलं दुसरं पान घेतलं. एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. 'पोरीनें आज पेज घेतली. पुढें लिहितों.'

बाबांनी दोन्ही पानं छातीशी धरली. बराच वेळ कानोसा घेतला.

"गप झाली गो," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

एक पान कमी असल्याचं बांधलेल्या रुमालावरूनही हाताला कळलं असेल, मान्य. पण ते रडणं? त्या दिवशी मुरबाड राहिलं. निघताना मात्र मी बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं, अगदी मनापासून.