मासेवाली खाला

शमीम खालाच्या घरी आलेला माणूस जेवल्याशिवाय परत जात नसे आणि आलेला मासा पहिल्या दिवशी उपाशी राहत असे. माणूस कितीही 'आत्ताच जेवून आलो' म्हणाला तरी खाला ऐकत नसे. मासे काचेला तोंड लावून कितीही याचना करोत, ती त्यांच्याकडे पाठ करून शिलाई मशीन चालवत बसे.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर होतं. ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवणं हा तिचा धंदा. पण गल्ली तिला 'मासेवाली खाला' म्हणायची, त्यामुळे अधूनमधून एखादा नवखा माणूस पिशवी घेऊन रोहू मागायला यायचा. खाला त्याला आत बोलवायची, काचेच्या टाकीसमोर बसवायची, चहा द्यायची आणि मग सांगायची, "हे खायाचे नाहीत, भाऊ. पाहाचे आहेत. आले तं पाहून घ्या." तो बिचारा पाहून जायचा.

टाकी आणली होती तिच्या मुलाने, सलीमने. हैदराबादला नोकरीला जाताना आईला करमावं म्हणून तो ती ठेवून गेला. खालाने पहिल्या माशांना सलीमसारखंच वागवलं, म्हणजे समोर दिसले की खाऊ घातलं. पोळीचा चुरा, भात, ईदला शेवया. थोड्याच दिवसांत पाणी ताकासारखं झालं आणि सगळे मासे वर तरंगले. त्या दिवशी ती मशीनवर बसली नाही. "प्यारानं मारले मी त्याईले," ती माझ्या आईला म्हणाली. घरात मासळी शिजवणं मात्र तिने बंद केलं नाही. कोणी छेडलंच तर म्हणे, "ते वेगळे, हे वेगळे."

त्यानंतर तिने बाजारातल्या मासे विकणाऱ्याला बसवून सगळं विचारून घेतलं आणि शिस्त लावली. नवी जोडी आली की पिशवी न सोडता तशीच टाकीत तरंगत ठेवायची, दोन्ही पाण्यांची ऊब सारखी होईपर्यंत. मग तोंड सोडून टाकीतलं पाणी वाटीने थोडं थोडं पिशवीत घालायचं. शेवटी मासे जाळीने उचलून टाकीत, आणि पिशवीतलं पाणी मोरीत. या सगळ्या वेळात दिवा बंद. मोठ्याने बोलायचं नाही. तिची नणंद एकदा नेमकी अशा वेळी बुलढाण्याहून आली, तर खालाने तिला ओट्यावर बसवून ठेवलं. "नवा जीव आहे," ती दारातून हळूच म्हणाली, "त्याले पयले पाणी वळखू दे. तू तं जुनीच आहेस." नणंद पुढची दोन वर्षं आली नाही.

मला नर्सची नोकरी लागली ती धारणीच्या पुढे, मेळघाटातल्या एका गावच्या दवाखान्यात. बायका कोरकू बोलायच्या, मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. फोनला रेंज फक्त शाळेमागच्या टेकाडावर. त्यातच एक बाळंतीण धारणीला नेताना जीपमध्ये माझ्या मांडीवर गेली. बाळही गेलं. सगळे म्हणाले, रस्ताच तसा, तुम्ही काय करणार. त्यानंतर मला अन्न जाईना. टेकाडावर जाऊन मी आईला सांगितलं की नोकरी सोडून येते. आई रडायला लागली. तिच्या हातातून फोन खालाने घेतला.

"मी येतो," ती म्हणाली. "तोपर्यंत काई करू नको."

ती आली. अकोट, धारणी असं एसटीने आणि पुढे जीपने. हातात दुधाची मोठी बरणी, तिला ओला टॉवेल गुंडाळलेला. आत दुहेरी पिशवी, थोडं पाणी, बाकी हवा, आणि त्यात लाल शेपटीचे गप्पी मासे. निघायच्या आदल्या दिवसापासून तिने त्यांना काही घातलं नव्हतं. "प्रवासात पोट खाली पायजे," ती म्हणाली, "नाई तं पाणी नासते." घाटात कंडक्टरने बरणी स्वतःच्या मांडीवर धरली, हे तिने अभिमानाने सांगितलं. त्या वेळी ती खिडकीतून ओकत होती, हे ओघात आलं.

मी तिला दवाखान्याच्या हौदाशी नेलं. "खाला, गप्पी तर इथे ढिगाने आहेत. डासांच्या अळ्या खायला सोडलेत."

तिने हौदात वाकून बराच वेळ पाहिलं.

"ते सरकारी आहेत," ती म्हणाली. "हे घरचे आहेत."

काचेची रुंद बरणी तिने सोबतच आणली होती. माझ्या खोलीवर येऊन तिने त्यात कालचं शिळं पाणी भरलं, पिशवी तरंगत सोडली आणि खिडकी लोटली. आता करण्यासारखं काही नव्हतं. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. तेव्हा मी जीपमधलं सगळं सांगितलं, जे आईलाही सांगितलं नव्हतं. खालाने समजूत घातली नाही. मधूनमधून ती पिशवीत वाटीभर पाणी घालत राहिली. माझं रडणं संपल्यावर तिने विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

तोपर्यंत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. "सुगंती," मी म्हणाले.

"सुगंती," खाला म्हणाली, आणि डोक्यावर पदर घेऊन तिने दुवा मागितली. मग उठून मासे जाळीने बरणीत सोडले. मी त्यांना काही घालायला गेले तर तिने माझा हात धरला. "उद्या. अन् तेही डोळ्याएवढं. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढंच असते." माझं पोट केवढं असतं याबद्दल तिचं मत वेगळं होतं. डब्यातल्या भाकरी संपेपर्यंत ती माझ्यासमोरून हलली नाही.

चार दिवस राहून ती निघाली. जीपमध्ये बसताना म्हणाली, "नोकरी सोडाची तं सोड. पण मासे आत्ताच आले आहेत, त्याईले लगेच हलवता येत नाई. महिनाभर थांब." मी थांबले. महिन्याने गप्पींना पिल्लं झाली, तीही लगेच हलवता येण्यासारखी नव्हती. मग दर महिन्याला होतच राहिली. दरम्यान मी कोरकू शिकले. पुढच्या पावसाळ्यात एक अडलेली बाई जीपमधून वेळेत धारणीला पोचली. खालाला फोन केला तर तिने आधी बाईचं नाव विचारलं, मग मुलगा की मुलगी.

मागच्या वर्षी एके सकाळी अकोल्याहून सलीमचा फोन आला; तोवर गावात रेंज आली होती. "अम्मी गेली," तो म्हणाला. मग म्हणाला, "मासे वर येऊन राहिले, ताई. काय देऊ त्याईले?"

"काही देऊ नको," मी म्हणाले. "मी येते."

दफन झाल्यावर चौथ्या दिवशी आम्ही दोघांनी मासे पिशव्यांत भरले. सलीमला हैदराबादला परतायचं होतं, मासे मी नेणार होते. त्याने जाळी कधी हातात धरली नव्हती, पण घाई केली नाही. शेवटचा मासा निघाल्यावर त्याने टाकीतल्या हवेच्या मोटारीचं बटण बंद केलं. बुडबुडे थांबले. घरात एकदम इतकं शांत झालं की आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो आवाज त्या घरात इतकी वर्षं होता हे आम्हाला तो थांबल्यावर कळलं.

सलीम टाकीकडे वळला. मग त्याने बटण पुन्हा सुरू केलं.

"आजच्या दिवस राहू द्या," तो म्हणाला.

नुसतं पाणी बुडबुडत राहिलं. मी पिशव्या उचलल्या आणि बसस्टँडकडे निघाले.